थ्रिलर मालिकांतले अरब : अकरावीच्या पोरांना नेमकं काय मोजायला लावावं?

दारव्हा_मास्तर (प्रश्न)
खेड्यातलं कनिष्ठ महाविद्यालय, अकरावीची ३६ पोरं, एक प्रोजेक्टर, शनिवारच्या दोन तासिका. विषय आहे अमेरिकी थ्रिलर मालिकांतली अरबांची प्रतिमा. पोट्टे या मालिका हिंदी डबिंगमध्ये पाहतात. चर्चा काढली की एकच उत्तर येतं, "वाईट अरब आहे तसा चांगलाही आहे, फिट्टंफाट झाली." यापुढे त्यांना कसं न्यावं?

पैनगंगाकाठ
सर, चांगला की वाईट हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. पोरांना मोजायला लावा. १८ जोड्या करा. ४५ मिनिटांच्या भागाचे १५ मिनिटांचे तीन तुकडे पाडा आणि एकेक तुकडा सहा जोड्यांकडे द्या. पाहतील सगळे सगळंच, पण लिहायचं फक्त आपल्या तुकड्याचं. तक्त्यात पाच रकाने पुरतात: पात्राला नाव आहे का, किती वाक्यं बोलतं, काम काय करतं, घर-लेकरं दिसतात का, शेवटी मरतं का.

जोडीतल्या दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग ताडून पाहायचं. दहापैकी आठपेक्षा कमी नोंदी जुळल्या तर बहुधा रकान्याची व्याख्याच ढिली आहे. "धमकावतो" असा रकाना ठेवाल तर हमखास फसाल. एक जण आवाज चढला तरी खूण करतो, दुसरा बंदूक दिसल्यावरच. म्हणून आधीच लिहून द्या: शस्त्र दिसलं किंवा इजा करण्याची भाषा आली, तरच.

आणि हिंदी डबिंग बंद करा. कोणाच्या अरबी बोलण्याला खाली अक्षरं मिळतात आणि कोणाचं बोलणं नुसता गलका म्हणून सोडून दिलं जातं, हे मूळ आवाजातच कळतं.

वऱ्हाडी_वाचक
"चांगला अरब" या युक्तीवर माध्यमांच्या अभ्यासक एव्हलिन अलसुल्तानी यांनी २०१२च्या पुस्तकात नेमकं बोट ठेवलंय. देशभक्त मुस्लीम पात्र घातलं की मालिका निःपक्ष वाटते, पण धोका कुठून येतो याचं उत्तर काही बदलत नाही.

'२४' या मालिकेचा चौथा हंगाम (२००५) घ्या. अमेरिकेतल्या साध्या वस्तीत राहणारं मध्यपूर्वेतलं मुस्लीम कुटुंबच हल्ल्याच्या कटात असतं. मुस्लीम संघटनेने आक्षेप घेतल्यावर वाहिनीने मुख्य नटाकडून निवेदन करवलं, की अमेरिकी मुस्लीम दहशतवादाच्या विरोधात आहेत. शेजारच्या घरावर संशय घ्यायला शिकवणारी गोष्ट मात्र तशीच चालू राहिली.

खरी विचारसरणी घड्याळात आहे. एक भाग म्हणजे गोष्टीतला एक तास, बॉम्ब फुटायला काही मिनिटं, त्यामुळे छळ हाच शहाणपणा वाटायला लागतो. तिथे चित्र थांबवा आणि विचारा, "या माणसाला ठिकाण माहीत आहे, हे नायकाला काहून माहीत?" खऱ्या चौकशीत ती खात्री नसते, आणि मार चुकवायला माणूस काहीही सांगतो. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचे डीन ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन निर्मात्यांना जाऊन भेटले ते याचसाठी. छळ यशस्वी होताना दाखवू नका, कॅडेटांवर परिणाम होतोय, असं त्यांचं म्हणणं होतं.

लिपीवेडी
मागच्या भिंती पाहायला लावा! 'होमलँड' मालिकेच्या पाचव्या हंगामात (ऑक्टोबर २०१५) बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट उभारला होता. भिंतींवर अरबी लिहायला बोलावलेल्या कलाकारांनी "होमलँड वंशवादी आहे" असं लिहिलं आणि ते तसंच प्रसारित झालं. सेटवर कोणी ते वाचलंच नाही. त्यांच्या लेखी ती भाषा नव्हती, मळकट भिंतीवरची नक्षी होती.

दुसरी खूण तुटक्या अक्षरांची. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अक्षरं जोडतात. सॉफ्टवेअरला ते जमलं नाही तर अक्षरं सुटी पडतात, क्रम उलटतो. फळ्यावर "किताब"ची वेलांटी 'क'च्या पुढे सोडून दाखवा, पोरांना लगेच कळेल.

पैनगंगाकाठ
ताईंनी फार मोलाचं सांगितलं. ठिकाणांचंही तसंच. त्याच मालिकेत २०१२ला बैरूतची हमरा स्ट्रीट बंदूकधाऱ्यांचा अड्डा दाखवली. प्रत्यक्षात ती कॅफे-दुकानांनी गजबजलेली. चित्रीकरण इस्रायलमध्ये झालं आणि लेबनॉनच्या पर्यटनमंत्र्यांनी खटल्याचा इशारा दिला.

पुढच्या शनिवारी हाच तक्ता हिंदी गुन्हेगारी मालिकेवर चालवा आणि फासेपारधी पात्रं मोजा. १८७१च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, कायदा १९५२ला गेला, पडद्यावरचा शिक्का गेला नाही. वर्गात पारध्यांच्या बेड्यावरचं (वस्तीवरचं) लेकरू असेल तर "तू सांग" म्हणून त्याला उभं मात्र करू नका.

दारव्हा_मास्तर
डबिंग बंद, तक्ता तयार. एक शंका: इराणी पात्रं अरबांत धरायची का?

लिपीवेडी
नाही सर. इराणची मुख्य भाषा फारसी, तुर्कस्तानची तुर्की. अरब लीगचे २२ देश वेगळे, आणि लेबनॉन-इजिप्तमध्ये ख्रिश्चन अरबही आहेत. दोन रकाने करा, "मालिका काय म्हणते" आणि "नकाशा काय म्हणतो". भिंतीवर नकाशा टांगलेला असू द्या.