ॲसिटोन नुसतं उडून जातंय, ब्रश धुवायला थिनर चालेल का?

कुपवाडचा_साचेवाला:
कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे, फायबरच्या गणपतींचे साचे करतो. रेझिनचे ब्रश-रोलर धुवायला ॲसिटोन लागतं. सकाळी घमेल्यात दोन लिटर ओतलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मं गायब. उगाच पोरांवर संशय घेतला. एक दिवस मीच घमेल्यासमोर बसलो, कुणी हात लावला नाही तरी पातळी उतरलीच. एकजण म्हणतो, एनसी थिनर (लॅकर रंग पातळ करायचं) स्वस्त पडतं. परवा थर्मोकोलच्या पॅकिंगवर थोडं ॲसिटोन सांडलं तर तिथं भोकच पडलं. हात पांढरेफटक होतात ते वेगळंच.

मिरजेचा_तंतुवाद्यवाला:
थर्मोकोलचं काय घेऊन बसलात! सतारीवरच्या सेल्युलॉइडच्या नक्षीवर थेंब पडला तर फुलं-पानं चिकट होऊन बसतात. आम्ही पॉलिशच्या खोलीत बाटलीच येऊ देत नाही. चपड्याला, म्हणजे लाखेच्या पॉलिशला, आपलं स्पिरिट बरं.

साताऱ्याचा_काका:
बाळा, घमेल्यातच घोडं अडलंय. ॲसिटोन 56 अंशांवर उकळतं, आपल्याकडच्या एप्रिलात त्याला पसरट भांडं दिल्यावर ते थांबतंय होय? अरुंद तोंडाचे, झाकणाचे पत्र्याचे दोन डबे कर. पहिली धुणी मळक्यात, दुसरी स्वच्छात. मळकं रात्रभर झाकून ठेव, गाळ बसला की वरचं नितळून परत वापर. ब्रश मात्र पुरता सुकव, ओला रेझिनमध्ये बुडवलास तर माल नीट धरत नाही.

थिनरात सहसा टोल्युइन असतं. ते 110 अंशांवर उकळतं, म्हणून उडतं कमी, पण ब्रशवर रेंगाळतं आणि दिवसभर वासात राहिलास तर डोकं धरतं. मी तरी नाही वापरणार.

खरी भीती वेगळीच आहे. ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत सरपटते. उणे 20 अंशांलाही पेट घेण्याइतकी वाफ सुटते, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा भरवसा नाही. आमच्या जुन्या शेडात ग्राइंडर डब्यापासून दहा-बारा फुटांवर होता. ठिणगी तिथं पडली आणि जाळ फरशीवरून धावत डब्यापर्यंत आला. माझ्या भुवया गेल्या, बाकी निभावलं.

हाताचं म्हणशील तर ॲसिटोन कातडीचं तेल ओढतं. निळे नायट्राईलचे हातमोजे त्याला टिकत नाहीत, ब्युटाईल रबराचे घे.

कुपवाडचा_साचेवाला:
काका, माझा ग्राइंडर घमेल्याच्याच भिंतीला होता. आत्ता हलवला. रेझिन घट्ट करायच्या हार्डनरचा कॅनपण त्याच फळीवर आहे.

साताऱ्याचा_काका:
तो आधी उचल! हार्डनर ॲसिटोनमध्ये पडता कामा नये, कोबाल्टमध्ये (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतो ते) थेट तर नाहीच नाही. वेगळ्या खोलीत, सावलीत ठेव. आणि मोजायचं मापही वेगळं.