गाडी कमी चालत असली तरी इंजिन ऑइल दरवर्षी बदलावे का?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालते. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असे लिहिले आहे. मग ऑइल आताच बदलावे का?

उत्तर १: होय, जी मर्यादा आधी येईल ती पाळावी. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेले पाणी व पेट्रोल उडून न जाता तिथेच साचते आणि ऑइलचा वंगणगुण घटतो.

उत्तर २: सहमत. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत पिवळसर, सायीसारखा थर दिसल्यास तो बहुधा याच ओलाव्याचा असतो. मात्र कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर मेकॅनिकला अवश्य दाखवावे. ऑइल फिल्टरही सोबतच बदलावा.

उत्तर ३: ऑइल काळे पडले एवढ्यावरून घाई करू नये, काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.