घरातल्याच कापडाचं क्विल्ट: 20 ब्लॉकना पुरेल का?

सुईदोरा
आमच्या गटात सगळ्यांनी मिळून क्विल्ट शिवायचं ठरलंय. आठवड्याला दोन ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), दहा आठवडे. नऊ तुकड्यांचा ब्लॉक, शिवून 12 इंच, 4 x 5 मांडणी, म्हणजे 48 बाय 60. अट एकच, नवं कापड आणायचं नाही. घरात चार फिके सुती पुरुषी शर्ट, दोन सुती साड्या (एक विरलेली), तीन खणाचे ब्लाउजपीस, इंडिगो छापाचं न धुतलेलं दीड मीटर सुती कापड आणि थोडं टेरिकॉट आहे. पुरेल का? आणि काय कशाबरोबर चालेल?

उरेबपट्टी
पुरतंय, पण आधी कागदावर मांडा. तुकडा साडेचार इंच चौरस कापायचा. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जाऊन चार उरतो. एकूण 180 तुकडे. ब्लॉकमध्ये पाच गडद आणि चार फिके धरले तर 100 गडद, 80 फिके.

शर्टाच्या पाठीतून साधारण 18 x 22.5 इंच सरळ कापड मिळतं, म्हणजे 20 तुकडे. चार पाठींत फिक्यांचा हिशेब मिटला. बाह्या राखीव ठेवा.

गडद इंडिगोचं. 44 इंच पन्ह्यात साडेचार इंचांच्या एका पट्टीत 9 तुकडे बसतात. दीड मीटर म्हणजे 59 इंच. धुतल्यावर तीन-पाच टक्के आटेल. 11 पट्ट्या (49.5 इंच) आरामात निघतात, तुकडे 99. शंभरावा उरलेल्या कापडातून काढा.

क्विल्टच्या पाठीला चांगली साडी. चारी बाजूंनी चार इंच जास्त, म्हणजे 56 x 68. साडीचा पन्हा तेवढा नसतो, म्हणून 68 इंचांचे दोन तुकडे मध्ये जोडायचे: साडेतीन मीटर. उरलेल्या दोन मीटरमधून अडीच इंचांच्या सहा पट्ट्या गोटाला (कडेच्या पट्टीला). कडा सरळ आहेत, तेव्हा उरेब (तिरपं) कापायची गरज नाही. जरीचा काठ मात्र गोटाला नको, टोचतो.

विरलेली साडी आत घाला, दोन थर निघतील. जोड काठाला काठ भिडवून टाचा. एकावर एक चढवलेत तर तिथे वळ उठतो.

ठिगळवाली
इंडिगो कापण्याआधी धुवा, आणि वेगळंच धुवा. शर्ट शंभरदा धुतलेले, ते आटून बसलेत. इंडिगो नंतर आटलं तर शर्टाचे तुकडे चुण्या पडून फुगतील. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, मग कोरड्या पांढऱ्या चिंधीने घासून बघा. इंडिगो पाण्यात सुटला नाही तरी घासून उतरतो. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होत नाही. कृपया तो सल्ला पुढे पाठवू नका.

टेरिकॉट बाजूला ठेवा. सुतीला लागणारी कडक इस्त्री त्यावर चकाकी आणते आणि शिवण नीट दबत नाही. शर्टाबद्दल शंका असेल तर आतल्या शिवणीतला धागा जाळा: सुती राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, मिश्र कापडात दोन्ही दिसतं.

खण मला या क्विल्टमध्ये नकोच वाटतो. धागे फार सुटतात, पाव इंच शिवणीतून तुकडा निसटतो. उशीच्या अभ्ऱ्याला वापरा.

सुईदोरा
धन्यवाद! नमुन्याचा एक ब्लॉक शर्टाच्या बाह्यांतून शिवला. कडेच्या शिवणीसकट साडेबाराचा हवा होता, सव्वाबारा आला. ओढून इस्त्री करू का?

दोन सूत
ओढू नका, पुढच्या धुण्यात परत येईल. ब्लॉकमध्ये आडव्या दोन शिवणी. प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त खातेय, म्हणून बरोबर पाव इंच गेला. गटात एकीचे ब्लॉक सव्वाबारा आणि दुसरीचे साडेबारा असतील तर जोडताना रडारड.

बहुतेक घरगुती मशीनच्या पायाची कड सुईपासून पाव इंचापेक्षा लांब असते. सुई खाली करून पट्टीने दोन सूत मोजा आणि तिथे प्लेटवर चिकटपट्टी लावा. मग दीड इंची तीन पट्ट्या शिवा: मधली बरोबर एक इंच दिसली पाहिजे. होईपर्यंत चिकटपट्टी सरकवा. शिवणी गडद कापडाकडे दाबा; पाच-चारच्या मांडणीत ओळींच्या शिवणी आपोआप उलटसुलट पडून कोपरे एकमेकांत बसतात.

उरेबपट्टी
एक राहिलं. थर टाचून झाल्यावर मशीनने शिवणार असाल तर मधून बाहेर जा, नाहीतर सगळा झोळ मध्यभागी गोळा होतो. हाताने धावदोरा घालणार असाल तर गोधडीसारखं कडेकडून आत फेरे घेता येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी (त्यांची गोधडी) अशीच कडेपासून मध्यापर्यंत शिवतात, पण त्या वरचे तुकडे शिवता शिवताच लावत जातात, त्यामुळे झोळ पुढच्या तुकड्याखाली जिरतो. तुमचा वरचा थर आधीच जोडलेला आहे. तेव्हा चार-चार इंचांवर टाचा आणि दर फेऱ्याला पालथं करून पाठ बघा.