सोमवारी सकाळच्या बाटलीत टोल्युइन शोधणं बंद करा

परीक्षानळी
चाकण-भोसरीच्या पेंट शॉपमधली वार्षिक तपासणी म्हणजे काय? साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी नऊला कॅम्प, रांग, लघवीची बाटली आणि अहवालात ‘नॉर्मल’. थिनरमधल्या टोल्युइन या द्रावकाचे लघवीतले अंश तासांच्या हिशेबात निघून जातात, मग सुट्टी घालवून आलेल्याकडे सापडणार काय? नमुना शिफ्ट सुटतानाच घ्यायचा, तोही डगला उतरवून, हात साबणाने धुऊन, स्प्रे बूथपासून लांब. आणि हिप्प्युरिक ॲसिडची तपासणी मागवू नका. अंगात टोल्युइनपासून ते बनतं खरं, पण सॉस, कोल्ड्रिंकमधल्या सोडियम बेंझोएटनेही ते वाढतं. टोल्युइनपासूनच बनणाऱ्या ऑर्थो-क्रेसॉलची मागवा. एसीजीआयएच या कामगार-आरोग्याच्या अमेरिकी संस्थेचा इशाऱ्याचा आकडा आहे 0.3 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन (लघवी किती पातळ-घट्ट आहे ते सांगणारा घटक). एवढं जमत नसेल तर पैसे वाचवा.

धुराडं
वाचवाच, आणि एक्झॉस्टला लावा. लघवीत सापडलं म्हणजे अंगात जाऊन झालं की! बूथचे फिल्टर चोंदतात, हवेचा दाब दाखवणारा मॅनोमीटर बोंबलत असतो, तरी बदलत नाहीत. आधी ते बघा. कॉलरला हवेचा नमुना घेणारा सॅम्पलर लावून आठ तासांची हवा मोजा. माणसाची मोजपट्टी कशाला करता?

परीक्षानळी
सॅम्पलरला कातडी दिसत नाही. थिनरने हात धुणाऱ्याचं टोल्युइन हवेत नाही, हातातून जातं. मास्क चेहऱ्यावर नीट बसलाय का, हेही तो सांगत नाही, कारण तो मास्कच्या बाहेर असतो. हवा ठीक आणि क्रेसॉल चढलेलं, तर हातमोजे तपासा. पातळ नायट्राइलमधून टोल्युइन काही मिनिटांत आरपार जातं. शिवाय ‘हवा ठीक’ कोणाच्या मापाने? नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात मर्यादा होती 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100), एसीजीआयएचकडे 20.

नमुनापेटी
क्रेसॉलवाल्यांनो, विडी-सिगारेट विचारलीत का? धुरानेही ते वाढतं. क्रिएटिनिन लिटरला 0.3 ग्रॅमच्या खाली किंवा 3 च्या वर असेल तर तो नमुना फेकून दुसरा घ्या. तांब्याभर पाणी पिऊन आलेल्याचा आकडा छान दिसतो, एवढंच.

आणि ‘सोमवारी सकाळी नमुना नको’ हा नियम सगळ्यांना लावू नका. बॅटरीवाल्यांचं शिसं रक्तात निम्मं व्हायलाच महिनाभर लागतो, वार कुठलाही चालेल. तिथे घोळ वेगळा: बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळतं. शिरेतूनच घ्या, दंड धुऊन, ट्रेस-मेटलच्या, म्हणजे धातूचा अंश नसलेल्या नळीत. अहवालाचं एककही वाचा. डेसिलिटरला 20 मायक्रोग्रॅम म्हणजेच लिटरला 200. त्यावरून उगाच घबराट होते.

गेटपास
नळी-बाटली ठीक, पण आकडा जातो कुठे? एचआरच्या ड्रॉवरमध्ये. नोंदी कामगाराला बघता याव्यात म्हणून 1987 साली कारखाना अधिनियमात कलम 41-सी आलं, पण कंत्राटी पोराला मिळतो ‘फिट’चा शिक्का. आकडा चढला की त्याचा पास बंद आणि बूथमध्ये नवा भरती. पुढच्या वर्षी सगळे नॉर्मल!

धुराडं
हेच म्हणतोय. पंख्याला कोणी कामावरून काढत नाही.

परीक्षानळी
म्हणून नावं फॅक्टरी डॉक्टरकडेच ठेवायची. व्यवस्थापनाला फक्त कामानुसार आकडे: स्प्रेवाले इतके, मिक्सिंग रूम इतकी. कामगाराचा कागद त्याच्या हातात. चढलेला आकडा आधी पुन्हा तपासायचा, मग बूथ आणि हातमोजे. माणूस हलवणं सगळ्यात शेवटी.

गेटपास
बूथमध्ये माणसं तीन. कोणाचं नाव झाकणार?