मदत हवी आहे: मुलांना घेऊन वॉटर पार्क कोणत्या दिवशी?

आम्ही गोव्यातले, फोंड्याचे. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून नणंद येतेय, सोबत दोन मुलं आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई. मुक्काम कोलव्याला. मुलांनी हणजुणच्या स्प्लॅशडाऊन वॉटर पार्कचा हट्ट धरलाय. म्हणजे दक्षिणेतून थेट उत्तरेला, वाटेत झुआरी आणि मांडवी दोन्ही पूल! त्याच दिवशी मिरामारचं सायन्स सेंटर उरकता येईल, की मुलं पेंगतील? शनिवार-रविवार टाळलेला बरा ना? पोहण्याचे नायलॉनचे कपडे तिथे भाड्याने मिळतात का? सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत. नुसतं बसायला सावली आहे का, आणि त्यांचंही पूर्ण तिकीट पडतं का? लोटलीचं बिग फूट (गोव्याचं पूर्वीचं खेडं दाखवणारं खुलं संग्रहालय) त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी ठेवलंय, पण तिथे पायऱ्या फार आहेत का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.