मदत हवी आहे : मराठी माध्यमाच्या मुलांची आवड आणि कल कसा ओळखावा?

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवतो. एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल लागला की आमच्याकडे मुलांची वाट दोन-तीन दिवसांत ठरते : चांगले गुण असतील तर पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, बरे असतील तर कॉमर्स, आणि उरलेल्यांना आयटीआय. मुलाचा स्वभाव कोणत्या कामाला मानवेल, हे त्या धावपळीत कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून यंदा नववीच्या वर्गात मी अमेरिकेच्या श्रम खात्याची साठ प्रश्नांची मोफत प्रश्नावली वापरून पाहिली. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या विचारातून आलेल्या सहा प्रकारांवर (हातांनी काम करणारा, शोधक, कलावृत्तीचा, माणसांना मदत करणारा, पुढाकार घेणारा आणि पद्धतशीर) ती आधारलेली आहे. प्रत्येक प्रश्न मी मराठीत समजावून सांगितला, तरीही निकाल मला पटला नाही. विहिरीवरच्या पंपाची मोटार स्वतः खोलून दुरुस्त करणाऱ्या मुलाला हातकामात अगदी कमी गुण मिळाले, कारण स्वयंपाकघरातील कपाटे बनवणे किंवा मत्स्यबीज केंद्रात मासे वाढवणे ही कामे त्याने कधी पाहिलेलीच नाहीत. आईच्या स्त्रीशक्ती संघाची (बचत गटाची) वही बिनचूक लिहिणाऱ्या मुलीने स्प्रेडशीटच्या प्रश्नापुढे ‘आवडत नाही’ अशी खूण केली.

महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीची कल चाचणी मराठीतून घेतली गेली आणि तिच्यात शेतीपासून गणवेशधारी सेवांपर्यंतची क्षेत्रे होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीत जाण्याची ओढ असलेल्या आमच्या गावांना ती जवळची वाटली असती; परंतु आमची मुले कर्नाटक मंडळाची.

सीमाभागातील कोणा शिक्षकांनी अशी प्रश्नावली तयार केली आहे का? आणि मुलाची नावड कोणती व केवळ अपरिचय कोणता, हे वेगळे कसे काढावे?

प्रतिसाद :

नमस्कार सर. मी निपाणी भागात शिकवते. ‘आवडते’ आणि ‘आवडत नाही’ यांच्या जोडीला ‘कधी पाहिले नाही’ असा तिसरा रकाना ठेवा आणि त्यातील खुणा गुणांत धरू नका. मुलांना आधी काय दाखवायचे, याची यादी त्यातूनच मिळते. प्रश्नांचे शब्द बदलून भागणार नाही, कामेच आपल्याकडची घ्यावी लागतील.

शक्य झाल्यास मुलांना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) न्या. एकाच छताखाली पॅटर्न बनवणारा, साचा भरणारा, वाळूची चाचणी घेणारा, हिशेब ठेवणारा आणि गिऱ्हाईक सांभाळणारा अशी निरनिराळ्या स्वभावांची माणसे दिसतात. परतल्यावर ‘यांपैकी कोणाच्या जागी एक दिवस उभे राहाल आणि का?’ एवढेच लिहायला सांगा. त्या ‘का’मधून जे कळते ते खुणांतून कळत नाही. निष्कर्ष काढताना मुलाला एकाच प्रकारात बसवू नका. हॉलंड यांच्या पद्धतीतही वरचे तीन प्रकार मिळून विचार होतो.

पालकसभेत एक गोष्ट आवर्जून सांगा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करणाऱ्या मुलाला पुढे डीसीईटी (डिप्लोमा झालेल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आपला पंप दुरुस्त करणारा विद्यार्थी पीयूसीला जाण्याआधी हे त्याच्या वडिलांना माहीत असायला हवे.