फिरत्या विशेष शिक्षिका महिन्यातून एकदाच येत असतील, तर मधले दिवस वर्गशिक्षकाने कसे निभवावेत?

प्रश्न : वर्गशिक्षक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा

आमची शाळा द्विशिक्षकी असून मी पहिली आणि तिसरीचे वर्ग एकत्र शिकवतो. तिसरीतील एक मुलगा दिवाळीनंतर आमच्याकडे आला. आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे तो आजीकडे राहतो. तोंडी गणिते तो सर्वांच्या आधी सोडवतो, पण वहीत लिहायला सांगितले की पेन्सिल फेकतो, शेजारच्याला ढकलतो आणि कधी कधी थेट फाटकाबाहेर पळतो. समोरच डांबरी रस्ता असल्यामुळे मला त्याच्या मागे धावावे लागते आणि तेवढा वेळ वर्गातील एकोणीस मुले एकटी राहतात. गटसाधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षिका मनापासून काम करतात. मात्र त्यांच्याकडे शाळा इतक्या आहेत की आमची पाळी महिन्यातून एकदाच येते, आणि नेमका त्या दिवशी तो शांत असतो. गेल्या आठवड्यात दोन पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीकडे त्याला काढून टाकण्याची मागणी केली. हे कळल्यावर त्याची आजी माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, हवं तर मारा त्याला, पण शाळेतून काढू नका." तेव्हापासून मला स्वस्थता नाही. पुढच्या भेटीपर्यंत मी काय करावे आणि त्या भेटीत नेमके काय मागावे?

उत्तर : विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण

सर, आधी आजींना सांगा की यांपैकी काहीच होणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे, आणि कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. समितीसमोरही हे वाचून दाखवा.

सर्वांत महत्त्वाची नोंद तुम्ही स्वतःच केली आहे : तोंडी जमते, लिहिताना बिनसते. त्यामागे अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असू शकते, नजर कमी असू शकते, किंवा दरवर्षीच्या स्थलांतरात लेखनाचा पायाच राहून गेला असेल. तपासणीआधी नाव देऊ नका. त्याऐवजी एक वही घ्या आणि प्रत्येक प्रसंगाची वेळ, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, मुलाने काय केले आणि नंतर त्याला काय मिळाले, एवढेच लिहा. शेवटचा रकाना टाळू नका. पेन्सिल फेकल्यावर दर वेळी लिहिणे टळत असेल, तर त्याला एक खात्रीचा उपाय सापडला आहे. शाळेच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी मला पुरतात.

अशाच एका वहीने माझी चूक मला दाखवली होती. मी एका मुलाला दर भेटीत सकाळी अकरा वाजता चित्रकार्डे घेऊन बाजूला बसवत असे आणि तो छान काम करत असे. त्याच्या वर्गशिक्षिकेच्या नोंदींत मात्र बहुतेक सगळे प्रसंग पोषण आहाराच्या वेळचे होते. मी भेटीची वेळ बदलली, तेव्हा दिसले की ओसरीवर स्टीलची पहिली ताटली आपटण्याआधीच तो दोन्ही हात कानांवर ठेवत होता. घंटेच्या आधी त्याला हात धुवायला पाठवून पंगतीच्या टोकाला बसवू लागलो. रडणे पूर्ण थांबले नाही, पण पळणे थांबले.

म्हणून माझी विनंती अशी की विशेष शिक्षिकेला मुलाला व्हरांड्यात घेऊन बसायला सांगू नका. त्यांना तुमच्या लेखनाच्या तासाला वर्गातच बसवा आणि नंतर अर्धा तास तुमच्याशी बोलायला लावा, कारण उरलेला महिना त्याच्यासोबत तुम्हीच असणार आहात. तोवर पाच गणितांपैकी तीन तोंडी घ्या आणि दोनच लिहून घ्या. त्याला एक रंगीत बिल्ला द्या. तो दाखवला की आवारातल्या झाडाला शिवून परत यायची मुभा. उठायची वाट सांगूनच दिलेली असली की पळण्याची गरज कमी होते.

उत्तर : एक पालक, नाशिक

माझ्या मुलीला दुसरीत सर्वजण हट्टी म्हणत, कारण हाक मारली तरी ती वळत नसे आणि बोलताना ओरडत असे. मीही तिला रागावत असे, आणि त्याचे वाईट आजही वाटते. मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, त्यांनी पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले, आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्याचे कळले. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. आणखी एक मागणे आहे : आजींना रोज एक तरी चांगली गोष्ट कळवा. मला शाळेचा फोन आला की पोटात गोळा येई, कारण तो कधीच चांगल्यासाठी नसे.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख

कागदांबाबत थोडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, पण अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. म्हणून सर्वांना प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. वर्गातील मदतीसाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले आहे. त्याचा उल्लेख करून समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा आणि सलग दोन दिवसांची भेट मागा. दुसऱ्या दिवशी मूल पाहुण्यासमोरही नेहमीसारखे वागू लागते. हंगाम संपून आईवडील परतले की तो मुलगा जाईल, तेव्हा नोंदवहीची प्रत पुढच्या शाळेला द्यायला विसरू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सोमवारपासून वही सुरू करतो. तो पळालाच, तर मी धावावे की वर्गात थांबावे?

विशेष शिक्षिका

धावू नका, पाठलाग झाला की तो आणखी वेगाने पळेल. शाळेच्या वेळात फाटकाला कडी राहू द्या. दुसऱ्या शिक्षकांशी आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी आजच ठरवा की हाक आली की फाटकाशी कोणी जायचे आणि तुमच्या वर्गात कोणी थांबायचे. फाटकाशी जाणाऱ्याने रस्त्याच्या बाजूने जाऊन त्याच्यासमोर उभे राहावे आणि त्या क्षणी एकही प्रश्न विचारू नये.